मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कॉर्नियाला आलेली सूज उतरते का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई 71 वर्षांच्या. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन 19 दिवस झाले, सकाळी उठल्यावर सगळं धुरकट, दुपारनंतर जरा बरं. डॉक्टर म्हणतात, कॉर्नियाला सूज आहे, उतरेल. आणि डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे. मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि चार वर्षांपूर्वी तुमच्या आईच्याच जागी होते.

19 दिवसांत सूज उतरली नाही म्हणून डोळा गेला असं अजिबात समजू नका. बहुतेकांची सूज काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत उतरते. मोतीबिंदू जास्त पिकलेला, कडक झालेला असला तर तो फोडायला मशीन जास्त वेळ चालवावं लागतं, मग सूजही जास्त राहते. कायमची सूज म्हणायच्या आधी डॉक्टर साधारण तीन महिने वाट बघतात. पण डाव्या डोळ्याची तारीख मात्र आजच पुढे ढकला. का, ते सांगते.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलीमीटर जाडीची. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. डोळ्यातलं पाणी कॉर्नियात सारखं झिरपत असतं आणि या पेशी ते सारखं बाहेर टाकतात, गळक्या होडीतून पाणी उपसत बसलेल्या माणसांसारख्या. उपसणारे पुरेसे असतील तोवर काच स्वच्छ. कमी पडले की पाणी साठतं आणि काच धुकटते. या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. एक मेली की शेजारच्या पसरून तिची जागा भरतात, इतकंच. तरुणपणी एका चौरस मिलीमीटरमध्ये साधारण 3,000 असतात, म्हातारपणी 2,000 ते 2,500. मोतीबिंदूचं ऑपरेशन कितीही छान झालं तरी त्यात काही जातातच. ज्याच्याकडे 2,400 आहेत त्याला कळतही नाही. मुळातच कमी असलेल्याला मात्र ते महागात पडतं. आकडा 500च्या आसपास आला की काच स्वच्छ राहणं अवघड होतं.

सकाळी जास्त धुरकट का, तेही यातच आहे. रात्रभर पापण्या मिटलेल्या, त्यामुळे वरून बाष्पीभवन नाही आणि पाणी साठून राहतं. उठून डोळे उघडे राहिले की हळूहळू सुकतं.

माझ्या बाबतीत असं झालं. गावाकडे ऑपरेशन केलं. मोतीबिंदू पिकेपर्यंत मीच थांबले होते. ऑपरेशनआधी रक्तातली साखर, डोळ्याचा दाब, भिंगाचा नंबर, सगळं तपासलं. पेशी कुणी मोजल्या नाहीत आणि मलाही विचारायचं माहीत नव्हतं. सहा आठवडे झाले, तीन महिने झाले, धुकं हललं नाही. पुढे कॉर्नियावर पाण्याचे बारीक फोड यायला लागले. फोड फुटला की डोळ्यात कुसळ गेल्यासारखी ठणक, उजेड बघवत नाही, पाण्याच्या धारा. वेदना थांबाव्यात म्हणून मऊ बँडेज लेन्स बसवली. मग पुण्याला कॉर्नियाच्या तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी ऑपरेशन झालेल्या डोळ्याआधी माझा चांगला डोळा तपासला, कारण सुजलेल्या काचेतून पेशी नीट मोजता येत नाहीत. त्या डोळ्यात 1,240 निघाल्या, आणि मधेमधे थेंबांसारखे काळे ठिपके. फुक्स डिस्ट्रॉफी, म्हणजे या आतल्या पेशी हळूहळू मरत जातात. हा आजार बऱ्याचदा घराण्यातून येतो आणि बायकांत जास्त दिसतो. माझी आजी शेवटी शेवटी ‘सकाळचं धुकं डोळ्यातच असतं’ म्हणायची, ते मला तेव्हा आठवलं.

म्हणून म्हणते, आईच्या डाव्या डोळ्याची स्पेक्युलर मायक्रोस्कोपी करून घ्या. पेशी मोजायची, फोटो काढल्यासारखी तपासणी आहे, काही मिनिटांची, दुखत नाही. पेशी भरपूर आणि एकसारख्या असतील तर उजव्या डोळ्याची सूज कडक मोतीबिंदूमुळे आली असण्याची शक्यता जास्त, आणि तुमचाही जीव भांड्यात पडेल. कमी निघाल्या तर दुसरं ऑपरेशन करणाऱ्याला ते आधी माहीत हवं.

डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचारा. डोळ्याचा दाब किती आहे? दाब वाढला तरी कॉर्निया सुजतो, आणि स्टेरॉइडच्या थेंबांनीही काहींचा दाब वाढतो. दुसरं, डेसिमेट हा आतला पातळ पडदा कुठे सुटला आहे का? ऑपरेशनच्या छेदाशी तो कधी कधी सुटतो. मोठा सुटला असेल तर आत हवेचा किंवा वायूचा बुडबुडा सोडून पुन्हा चिकटवता येतो, आणि नुसत्या थेंबांवर महिने घालवावे लागत नाहीत.

स्टेरॉइडचे थेंब बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, आणि वाढवूही नका. 5 टक्के मिठाचे थेंब दिले असतील तर ते झोंबतात, पण कॉर्नियातलं पाणी ओढून घेतात, सकाळी त्यांचा उपयोग होतो. मध, गुलाबपाणी, तूप यातलं काहीही डोळ्यात जाऊ देऊ नका, शेजारणींनी कितीही सांगितलं तरी. आणि डोळा लाल होऊन दुखणं वाढत गेलं किंवा नजर एकदम उतरली, तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती आतल्या जंतुसंसर्गाची लक्षणं असू शकतात आणि तिथे तास मोजले जातात.

समजा, तीन महिन्यांनीही उतरली नाही. तरी पूर्वीसारखी सगळी काच बदलून टाक्यांवर वर्षभर बसायची वेळ आता सहसा येत नाही. नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाचा फक्त आतला पातळ थर बसवतात. डीसेक किंवा डीमेक ही नावं ऐकाल. माझं डीसेक झालं. थर चिकटावा म्हणून आत हवा भरतात आणि उताणं, छताकडे बघत पडून राहायचं. आईला पाठीचं दुखणं असेल तर ते आधीच सांगा. माझा थर एका कडेला सुटला, तिसऱ्या दिवशी पुन्हा हवा भरावी लागली, तेव्हा मी रडले होते. पण चिकटला. दोन महिन्यांनी पेपरातली बारीक अक्षरं वाचली. थेंब अजून रोज एक आहे, शरीराने तो थर नाकारू नये म्हणून.

तो थर कुणाचा होता ते मला कधी कळणार नाही. आम्ही दोघांनी घरात सांगून ठेवलंय की आमच्या मागे लगेच नेत्रपेढीला कळवायचं, कारण डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनाही नेत्रदान करता येतं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मी वर्षभराने केलं, मोतीबिंदू मऊ असतानाच. पेशी कमी आहेत हे डॉक्टरांना माहीत होतं, त्यामुळे त्यांनी आतला थर जपायला संरक्षक जेल भरपूर वापरलं आणि मशीन कमीत कमी चालवलं. 1,240 च्या 1,090 झाल्या. आता दर वर्षी मोजून घेते आणि आकडा वहीत तारखेसह लिहिते.