भिंगांच्या पानावरची हरवणारी प्रतिमा

प्रश्न : दहावीच्या 'भिंगे' प्रकरणासाठी जिओजेब्रात (गणिताच्या हलत्या आकृत्या करायचं सॉफ्टवेअर) स्लायडरचं, म्हणजे सरकपट्टी ओढून वस्तू हलवायचं, पान केलं आहे. नाभीय अंतर १० सेमी. मध्येच प्रतिमा गायब होते, मुलं स्लायडर नुसता मागेपुढे ओढतात आणि काहींच्या मोबाइलवर मराठी मजकूर अगम्य दिसतो. काय करू?
– एक शिक्षिका, भांडुप

उत्तर : प्रतिमा गायब होते ती तुमच्या चुकीने नाही. पाठ्यपुस्तकाच्या चिन्हसंकेतानुसार व्ही = यू×एफ÷(यू+एफ); यू म्हणजे वस्तूचं भिंगापासूनचं अंतर (ऋण धरलेलं), व्ही प्रतिमेचं, एफ नाभीय अंतर. यू = –१० झाला की छेद शून्य होतो, म्हणजे प्रतिमा अनंत अंतरावर. त्याच्या आसपास ती असते, पण पडद्याबाहेर : –१२ ला ६० सेमीवर, –१०.५ ला थेट २१० सेमीवर. पान दोन्ही बाजूंना ६० सेमीपर्यंत ठेवा आणि यू –१२ ते –८.५ यांच्या मध्ये असताना 'प्रतिमा पानाबाहेर आहे' ही ओळ दिसेल अशी अट घाला. नेमक्या –१० ला वेगळी ओळ हवी : 'किरण समांतर, प्रतिमा अनंत अंतरावर'. ही ओळ नसली तर मुलांना वाटतं मोबाइलच बिघडला, आणि प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण वाया जातो.

नुसतं ओढणं थांबवायचं तर आधी अंदाज मागा. 'वस्तू ३० वरून २० सेमीवर आणली, तर प्रतिमा भिंगापासून किती लांब?' उत्तरासाठी इनपुट बॉक्स द्या, त्याची सुरुवातीची किंमत ०. किंमत ० नसेल तेव्हाच प्रतिमा दिसू द्या. स्लायडरच्या 'ऑन अपडेट' स्क्रिप्टमध्ये (स्लायडर हलला की आपोआप चालणाऱ्या सूचना) ती पुन्हा ० करा, म्हणजे वस्तू हलली की प्रतिमा झाकली जाते. ३०, २०, १५ सेमीचे अंदाज झाले (उत्तरं १५, २०, ३०) की मोकळ्या स्लायडरचं दुसरं पान द्या.

मजकूर बहुतेक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिकेतून चिकटवला असणार. युनिकोडमध्ये (सगळ्या उपकरणांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नव्याने टाइप करा, किंवा फाँट कन्व्हर्टरने बदलून नीट तपासून घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगायलाच हवी. दोनच किरण काढलेली आकृती पाहून मुलं पक्कं धरतात की अर्धं भिंग झाकलं की अर्धी प्रतिमा जाते. त्यामुळे वस्तूच्या एकाच टोकापासून निदान सात-आठ किरण काढा आणि वरचे बंद करणारा चेकबॉक्स ठेवा. पण त्याआधी वर्गाच्या खिडकीपासून थोडं आत, खऱ्या भिंगाने समोरच्या इमारतीची प्रतिमा कागदावर पाडा आणि पुठ्ठ्याने अर्धं भिंग झाका. इमारत अख्खीच राहते, फक्त अंधूक होते.