पगार विचारणाऱ्या पोरीला आधी उत्तर दे

प्रिय बाळ,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला आणि मग झोप काही लागली नाही, म्हणून सकाळी चहा झाल्या झाल्या हे लिहायला बसलेय. लांबेल, पण पूर्ण वाच.

पुण्याहून रजा काढून तू कवठेमहांकाळकडच्या शाळेत गेलीस, चाळीस शास्त्रज्ञांच्या स्लाइड दाखवल्यास, कलाम झाले, रामन झाले, कल्पना चावला झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि प्रश्न विचारा म्हटल्यावर सातवीतली एक पोरगी उठून म्हणाली, "ताई, तुमाला पगार किती हाय?" वर्ग हसला, सरांनी तिला खाली बसवलं, तू विषय बदललास. आणि आता मला विचारतेयस की बाई, या मुलांना विज्ञानाची आवडच नाही का, माझं कुठं चुकलं.

तिथंच चुकलं, विषय बदललास तिथं. अगं, तासाभरात तेवढा एकच खरा प्रश्न आला होता! बाकीची पोरं गप्प होती कारण त्यांना विचारण्यासारखं तू काही दाखवलंच नव्हतंस. चेहरे दाखवलेस. चेहऱ्याला काय विचारणार? त्या पोरीच्या घरी द्राक्षबाग असेल, सोसायटीचं कर्ज असेल, औषध फवारणीचा खर्च ती रोज कानांनी ऐकत असेल, तिनं तुझ्याकडं बघितलं आणि हिशोब मांडला. तिला सांगायचं होतंस ना. एवढा पगार, त्यातलं पुण्यात खोलीभाड्याला एवढं जातं, शिकायला चार वर्षं लागली, फी एवढी होती, लोन फिटायला इतकी वर्षं लागली. आणि मग सांगायचं की एवढे पैसे मिळतात ते मी दिवसभर काय केल्याबद्दल. तिथून पुढं तुझा खरा तास सुरू झाला असता.

काम दाखव बाळ. माणूस किती मोठा ते राहू दे, तो सकाळी कामावर जाऊन हातानं काय करतो ते दाखव. हे मी तुला या पत्रात दहा वेळा सांगणार आहे, कंटाळा आला तरी ऐक, कारण हे समजायला माझी निम्मी नोकरी गेली.

१९९६ सालची गोष्ट. मी तेव्हा मिरजेच्या एका शाळेत होते, विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं होतं. आठवीतली एक मुलगी तानपुऱ्याची घोडी रुमालात गुंडाळून घेऊन आली. तिचे वडील सतारमेकर गल्लीत कामाला होते. घोडी म्हणजे तारांच्या खालचा तो रुंद तुकडा, वरून सपाट दिसतो पण असतो अगदी किंचित गोलाकार. ती म्हणाली, बाई, मी जवारी दाखवते. घोडी घासून घासून ती गोलाई जमवतात, मग तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा सरकवतात, तो केसभर इकडचा तिकडं झाला तरी आवाज बदलतो, आधी ठक्क वाजणारी तार एकदम भरून झणझणायला लागते, असं का होतं ते मला शोधायचंय.

मी काय म्हटलं सांगू? म्हटलं, हे संगीत झालं, विज्ञान नाही. तू ज्वालामुखी कर.

तिनं ज्वालामुखी केला. खायचा सोडा, लिंबू आणि कुंकवाचा लाल रंग. त्या प्रदर्शनात तसले चार ज्वालामुखी होते. आणि मागच्या भिंतीवर मी स्वतः लावलेला रामन यांचा फोटो होता, हार घातलेला.

नंतर सहा-सात वर्षांनी माझ्या वाचनात आलं की त्याच रामननी १९२१ साली तानपुरा आणि वीणेवर अभ्यास छापलाय. साध्या तारेचा नियम असा, की तार जिथं छेडाल तिथं ज्या उपस्वराचा, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या स्वराचा, न हलणारा बिंदू येतो तो उपस्वर ऐकू येऊ नये. तानपुऱ्यात तो येतो. का, तर तार त्या गोलसर घोडीला हलकेच घासत राहते. म्हणजे त्या पोरीचा प्रश्न तोच रामन यांचा प्रश्न होता, आणि मी रामनच्या फोटोखाली उभी राहून तिला नाही म्हणाले. दहावीनंतर तिनं शिक्षण सोडलं. माझ्यामुळं असं मी म्हणत नाही, घरच्या अडचणी होत्या, पण तो रुमाल परत गुंडाळतानाचे तिचे हात मला अजून दिसतात.

तर २८ फेब्रुवारीला सगळ्या शाळा रामनचा फोटो लावतात, लावू देत. त्या दिवसाला राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणतात तो १९२८ च्या शोधामुळं, हे पोरं पाठ करून म्हणतातच. तू त्यांना जवारी ऐकव. आणि आणखी एक ऐकव. १९३३ साली मुंबईची एक मुलगी बीएस्सीला पहिली येऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनाला अर्ज करते, आणि संचालक असलेले हेच रामन तिला मुलगी म्हणून नको म्हणतात. कमला सोहोनी. ती हटली नाही, तिथं जाऊन भांडली, मग वर्षभर काम बघू या अटीवर घेतलं. पुढं केंब्रिजला तिनं बटाट्यावर काम करताना वनस्पतींतही सायटोक्रोम सी, म्हणजे पेशींच्या श्वसनात लागणारं प्रथिन, असतं हे दाखवलं आणि १९३९ साली पीएचडी घेतली, विज्ञानात ती मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. रामन थोर होते आणि त्यांनी हे केलं, दोन्ही खरं आहे. हार घातलेल्या फोटोखाली उभं राहून दोन्ही सांगता येत नाही, कामाबद्दल बोललीस तरच येतं. त्या सातवीतल्या पोरीला, जिला सगळा वर्ग हसला, यातलं कुठलं ऐकायला हवं होतं ते तूच ठरव.

परदेशात मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगून अभ्यास झालाय, १९८३ साली छापला. ४,८०७ मुलांच्या चित्रांत बाई शास्त्रज्ञ फक्त २८, आणि त्या २८ ही मुलींनीच काढलेल्या. मी माझ्या वर्गात करून बघितलं तर सगळे दाढीवाले, चष्मेवाले, हातात धूर निघणारी नळी. अरे, यांनी असा माणूस आयुष्यात कधी बघितलाय का? आणि जे रोज बघतात ते त्यांना विज्ञान वाटतच नाही. विट्याकडच्या घराघरातला कुणीतरी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर कुठं कुठं बसलेला आहे, नायट्रिक आम्लात चांदी विरघळते आणि सोनं तळाला राहतं हे त्या पोरांना काकाच्या तोंडून माहीत असतं, आणि पुस्तकातली रासायनिक अभिक्रिया त्यांना अवघड जाते! तासगावकडच्या बागेत तास-ए-गणेश जातीची द्राक्षं लावलेली असतात. ती जात बोरगावच्या आर्वे नावाच्या शेतकऱ्यानं थॉमसन सीडलेसच्या बागेतून हेरून वेगळी काढली, हे किती पोरांना सांगितलंय आपण? बागेत हजार वेली असताना एक वेगळी दिसणं, मग तिच्या काड्या लावून ती तशीच येते का ते बघणं, याला निवड पद्धत म्हणतात आणि ते शास्त्र आहे.

मी हे उशिरा सुरू केलं, पण केलं. पोरांना घेऊन गल्लीत गेले, बागेत गेले, गॅरेजमध्ये नेऊन इंजिन उघडलेलं दाखवलं. तर शाळेच्या वेळेत मुलं बाहेर का नेली म्हणून माझ्याकडं लेखी खुलासा मागितला. त्या वर्षी माझ्या वर्गाचा निकालही थोडा खाली आला, त्याला कारणं दुसरीही होती, पण बोट माझ्याकडंच दाखवलं. मी खुलासा दिला आणि पुढच्या महिन्यात परत नेलं. आजही कुणी विचारलं तर मी नेईनच म्हणेन. ज्या पोरानं इंजिनातला पिस्टन वर-खाली होताना हातानं फिरवून बघितलाय त्याला दोन मार्क कमी पडले तर पडू देत.

तू म्हणशील, बाई, मी तर साधी सॉफ्टवेअर टेस्टर, मी काय दाखवणार, माझ्यात आदर्श वगैरे काय आहे. हेच मला आवडत नाही तुझं! चाळीस मोठी माणसं घेऊन गेलीस आणि एक्केचाळिसावी, जी समोर जिवंत उभी होती, तिच्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. लॅपटॉप घेऊन जा. एक साधा फॉर्म बनव, नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर. पोरांना म्हण, हा मोडून दाखवा. कुणीतरी तारखेत ३५ घालेल, कुणी मोबाइल नंबरच्या जागी स्वतःचं नाव लिहील, कुणी रिकामाच सबमिट करेल, आणि फॉर्मनं निमूट घेतलं की केवढा दंगा होईल बघ. मग सांग, मी दिवसभर हेच करते, आणि याचे मला एवढे पैसे मिळतात.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर मुलांना सही देत नसत माहितीय ना तुला, म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देतो, आणि सही त्या उत्तराखाली मिळायची. तूही शाळेला तुझा पत्ता दे. एक कार्ड जरी आलं तरी त्याच आठवड्यात उत्तर लिही, रिलीज आहे, डेडलाइन आहे असलं काही मला ऐकायचं नाही.

त्या सरांना मी आज फोन करते, ओळखीतले आहेत. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा असते, आपण दोघी जाऊ. मी तानपुरा घेऊन येते, दोरा तू लावायचास, कसा सरकवायचा ते आदल्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन शिकून घे. आणि वर्गात गेल्यावर पहिल्यांदा त्या पोरीला उभी कर, नाव विचार, आणि पगार सांग.

तुझ्या,
बाई