एका चिठ्ठीवर अकरा महिने गोळ्या. आई पडली, दावा कोणावर?

प्रश्न : माझी आई ६९ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले. कराडच्या एका खासगी हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमॅडॉल-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून दोनदा आणि रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली. चिठ्ठीवर '१५ दिवस' लिहिले होते. आराम पडला म्हणून त्याच चिठ्ठीवर घराजवळच्या मेडिकलमधून आम्ही अकरा महिने गोळ्या आणत राहिलो. गेल्या दिवाळीत रात्री बाथरूमला जाताना आई पडली, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशनला सव्वादोन लाख गेले. तिथले फिजिशियन म्हणाले, "या वयात या दोन गोळ्या एकत्र, इतके दिवस?" डॉक्टर आणि दुकानदार दोघांवर पोलीस केस होईल का? मध्यंतरी डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर विचारले होते, तेव्हा 'तेच चालू ठेवा' असे उत्तर आले. घरात अजून नऊ स्ट्रिप आहेत. भाऊ म्हणतो, एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थांच्या कायद्यात) अडकू, फेकून दे.

उत्तर : ताई, कायद्याचे नंतर बघू. आईच्या गोळ्या चालू असतील तर भावाचे ऐकून एका दिवसात बंद करू नका. कित्येक महिने घेतलेली अल्प्राझोलाम अचानक सोडली तर फिट येऊ शकते, ट्रॅमॅडॉल सुटतानाही त्रास होतो. कशा कमी करायच्या ते त्या फिजिशियनकडून लिहून घ्या.

पोलीस केसचा नाद सोडा. डॉक्टरवर फौजदारी कारवाई करायची तर निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा हवा आणि तपास अधिकाऱ्याने आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यावे, असे सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले आहे. त्या फेऱ्यांत ग्राहक आयोगाकडे भरपाई मागण्याची तुमची मुदत निघून जाईल. ती दोन वर्षांची आहे, म्हणजे आई पडली त्या तारखेपासून धरून चाला.

आता डॉक्टर. गुडघेदुखीला ट्रॅमॅडॉल लिहिणे हा गुन्हा नाही, आपोआप हलगर्जीपणाही ठरत नाही. किडनी किंवा पित्ताच्या त्रासामुळे ज्या म्हाताऱ्या माणसांना नेहमीची वेदनाशामके चालत नाहीत, त्यांना डॉक्टर ते देतात. सोबत झोपेची गोळी आली की गुंगी वाढते, तोल जातो, श्वास मंदावू शकतो. हा धोका डॉक्टरी जगात सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामकाने) २०१६ मध्ये अशा जोडीवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. तरीही डॉक्टरांचा वकील एवढेच म्हणेल, "माझ्या अशिलाने पंधरा दिवस लिहिले, हे परत आलेच नाहीत." नुसती चिठ्ठी असती तर डॉक्टरांविरुद्धची बाजू लंगडी आहे, असे मी तुम्हाला स्पष्ट सांगितले असते.

पण तुम्ही जाता जाता उल्लेख केलेला डॉक्टरांचा तो मेसेज हाच तुमचा खरा पुरावा आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एनडीपीएस कायद्यात नोंदलेली औषधे फोनवरून किंवा मेसेजवरून लिहून देता येत नाहीत आणि ट्रॅमॅडॉल २०१८ पासून त्या यादीत आहे. 'तेच चालू ठेवा' हे तीन शब्द पंधरा दिवसांचा बचाव मोडून काढतात. म्हणून तो फोन रीसेट करू नका, विकू नका, बदलूही नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते तुमचे वकील करून देतील.

दुकानदाराची बाजू मला त्याहून कमकुवत दिसते. ही दोन्ही औषधे शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत. २०१४ पासून अशा प्रत्येक विक्रीची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद लागते, त्यात डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या हवी, आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. शिवाय औषध नियमांतल्या नियम ६५ नुसार, पुन्हा द्यावे असे डॉक्टरने लिहिलेले नसेल तर चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते आणि देताना दुकानाचे नाव-पत्ता व तारीख चिठ्ठीवर टाकावी लागते. मूळ चिठ्ठी उजेडात धरून बघा. एका चिठ्ठीवर तारखांचे पाच-सात शिक्के असतील तर दुकानदाराने आपला कबुलीजबाब स्वतःच लिहून ठेवला आहे. शिक्का एकच किंवा एकही नसेल तर बाकीची विक्री नोंदीविना झाली, असे म्हणायला जागा आहे. मग बिले आणि यूपीआयच्या नोंदी काढा. सातारच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार करून रजिस्टर तपासण्याची मागणी करा. दुकानात जाऊन भांडण मात्र नको, गेलात तर रजिस्टर 'हरवायला' वेळ लागत नाही.

कच्चा दुवा तुमचाही आहे. अकरा महिने फेरतपासणीला न जाणे तुमच्यावर शेकेल, भरपाई तेवढी कापली जाऊ शकते. आणि फरशी ओली होती, चप्पल घसरली असेही समोरून येणार. ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलकडे दाखल असतानाच्या सर्व कागदांच्या प्रती लेखी मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. दाखल करतानाच्या नोंदीत गुंगीचा किंवा या गोळ्यांचा उल्लेख आहे का, ते आधी पाहा. फिजिशियनने तोंडी म्हटलेले दोन ओळींत लिहून दिले तर फारच उत्तम.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात होईल, डॉक्टर आणि दुकानदार दोघांनाही पक्षकार करून. अधिकारक्षेत्र आणि शुल्क मागितलेल्या भरपाईवरून नाही, तुम्ही मोजलेल्या मोबदल्यावरून ठरते. तुमचा मोबदला थोडा, त्यामुळे तुम्हाला शुल्क पडणार नाही.

राहिल्या स्ट्रिप. स्वतःच्या उपचारासाठी वाजवी गरजेपुरत्या शंभर मात्रांपर्यंत अशी औषधे जवळ ठेवायला एनडीपीएस नियम ६६ परवानगी देतो. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरने तसे खास लिहून दिले तर तीनशेपर्यंत. तुमच्या स्ट्रिप दहा-दहाच्या असतील तर नव्वद होतात. ताजी चिठ्ठी घेऊन त्यासोबत ठेवा. बॅच नंबर दिसेल असे फोटो काढा, रिकाम्या स्ट्रिपही टाकू नका. आणि शेजारच्या काकूंचे गुडघे कितीही दुखोत, त्यांना यातल्या दोन गोळ्यासुद्धा देऊ नका. घरी ठेवण्याची मुभा आईच्या उपचारापुरती आहे, दुसऱ्याला देण्याची नाही.