खिडक्या कोण लावतं?

'ताई, लग्नाला चौदा वर्षं झाली. नवरा रोज पितो. अंगावर हात टाकत नाही, पण आल्यावर आरडाओरडा, भांड्यांची आदळआपट. शपथा घालून झाल्या, सासूबाईंचे नवस झाले. आता कुणीतरी जेवणात कालवायची पावडर सांगितलीय. बाहेर कुणाला काही माहीत नाही. त्यांची गाडी आली की आम्ही खिडक्या लावून घेतो, हल्ली तर लेकच न सांगता उठून लावते. सहावीत आहे. त्यांची दारू कशी सोडवू?'
– एक वाचक, धनकवडी

वयाने मोठी आहे, अगं-तुगं करते. तुझं मूळ पत्र दोन पानी. त्यातलं दीड पान त्याचंच: किती पितो, कुणाबरोबर पितो, पगारातले किती उडवतो. लेकीच्या वाट्याला एक ओळ, तीही बोलण्याच्या ओघात आलेली. मी तिथेच अडकले. अकरा वर्षांची पोर गृहपाठ करता करता खालच्या स्कूटरचा आवाज ओळखते, वही पालथी घालते, आधी हॉलची खिडकी लावते, मग स्वयंपाकघरातली. एप्रिलच्या उकाड्यात. हे तिला कुणी शिकवलं? त्याने नाही, बाई. तू.

रागावलेय मी. 'बिचारी गं' म्हणणाऱ्या तुला शंभर भेटतील, त्यात माझी भर नको. आणि सोसायटीत शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, तिथे तुझ्या खिडक्या काय लपवणार? शेजारणीला सगळं ठाऊक आहे. विषय कसा काढावा, म्हणून गप्प असेल ती.

पावडर आजच्या आज फेकून दे. अशा पुड्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही. आणि दारू सोडवायला डॉक्टर देतात ते डायसल्फिराम नावाचं औषध नकळत पोटात गेलं नि वरून दारू प्यायली, तर जिवावर बेतू शकतं.

आता तुझं. अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचं एकमेकांना आधार देणारं मंडळ, उभं करणाऱ्या दोघांतला एक बिल विल्सन. त्याची बायको लोइस. तिच्या नवऱ्याची दारू सुटली होती, म्हणजे तू जे मागतेयस ते तिला मिळालं होतं. तरी एके दिवशी तो मीटिंगला चल म्हणाला आणि तिने बूट उचलून त्याच्यावर भिरकावला. तिची तीच चकित झाली. बाटली घरातून गेली होती, इतकी वर्षं आत साठलेलं गेलं नव्हतं. १९५१ साली तिने एका मैत्रिणीबरोबर पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन सुरू केलं.

तिथे फी नाही. आडनाव विचारत नाहीत. नवरा अजून पीत असला तरी चालतं, त्याच्या परवानगीचा तर प्रश्नच नाही. जमलेल्या बायका आपापलं सांगतात, बाकीच्या ऐकतात. माझ्यासारखं कुणी फटकारत नाही. ही दारू मी लावली नाही, मला ती आवरता येणार नाही, बरी करता येणार नाही, हे तिथे पुन्हा पुन्हा कानावर पडतं. मी एकटीने सांगितलं तर तुला पटायचं नाही. तेच, तुझ्यासारखीच खिडक्या लावून बसलेली बाई सांगेल तेव्हा पटेल. पुण्यात या बैठका भरतात. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं, तिथे बायकांचा 'सहचरी' गट आहे. फोन करून वार-वेळ विचार आणि याच आठवड्यात जा. पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाहीस तरी चालेल, नुसती बसून ये.

फक्त निघताना लेकीला 'देवळात जातेय' म्हणू नकोस. बाबांच्या दारूपायी आईला मदत लागतेय, ती घ्यायला जातेय, असं स्वच्छ सांग. 'दारू' हा शब्द त्या घरात तिच्यासमोर अजून कुणी उच्चारला नसेल, तर तू उच्चार.