ब्रिटिश रॉक बँड कोल्डप्लेचा पहिला अल्बम 'पॅराशूट्स' ऐकायचा आहे. कुठल्या गाण्यापासून सुरुवात करू? 'यलो'पासून?

'यलो'पासून नको. 'डोन्ट पॅनिक'पासून करा आणि पुढे आहे त्याच क्रमाने जा. दहा गाणी, ४१ मिनिटांच्या आसपास. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई-अहमदाबादचे शो झाल्यापासून जो तो 'यलो' लावतो, तेही मोबाईलच्या स्पीकरवर. ते मला सहन होत नाही.

मी हा अल्बम नागपूरच्या उन्हाळ्यात ऐकला. घरात कूलर चालू असला की 'स्पार्क्स'चा बास ऐकूच येत नाही, म्हणून रात्री गच्चीवर पाणी मारून वॉकमन घेऊन बसायचो. तिथेच लक्षात आलं की 'यलो'त गिटारची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलते, पण बारीक तारांचा सूर जागचा हलत नाही. गिटारच्या तारा नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, म्हणजे नेहमीच्या सुरांत लावून, बोटं कितीही ताणली तरी ते येईना. मग सापडलं: चौथी तार डीवरून बीपर्यंत उतरवायची आणि पहिली अर्धा स्वर खाली, डी शार्पवर. त्या तारा मोकळ्या वाजत राहतात, आणि गाण्याचा सगळा रंग तिथे आहे.

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही ते बसवलं. आमचा लीड गिटारवाला म्हणाला, "काहून एवढी भानगड करून राहिला बे? बार कॉर्ड मार ना. पब्लिकले काय समजते?" बार कॉर्ड म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या; मग मोकळी तार उरतेच कुठे? मी ऐकलं नाही. स्टेजवर तारा उतरवायला वेळ मिळत नाही, म्हणून धरमपेठेतून एकाची गिटार मागून आणली आणि त्या एका गाण्यासाठी संध्याकाळीच लावून ठेवली. पहिला स्ट्रोक मारला तेव्हा ड्रमवाला काउंट द्यायचं सोडून माझ्याकडे पाहत राहिला. पब्लिकला समजतं. ट्यूनिंगचं नाव माहीत नसेल, पण कान सगळ्यांना असतात.

तोच मित्र आजही म्हणतो की 'पॅराशूट्स' रडका आहे, खरी कोल्डप्ले २००२ च्या 'अ रश ऑफ ब्लड टू द हेड'पासून सुरू होते. साफ चूक. त्याला त्यातलं 'द सायंटिस्ट' आवडतं. तो पियानो 'ट्रबल'मध्ये आधीच येऊन गेलाय. 'शिव्हर'मधली जॉनी बकलंडची गिटार आणि विल चॅम्पियनचे ड्रम्स ऐकून कोणी रडकं म्हणून दाखवावं. 'यलो'च्या व्हिडिओत गायक क्रिस मार्टिन समुद्रकिनारी एकटाच भिजत चालतो, त्यावरही हा हसायचा. त्या दिवशी चॅम्पियनच्या आईचा अंत्यविधी होता, म्हणून बाकीचे त्यात नाहीत. हे त्याला मी किती वेळा सांगितलं! २००० साली विशीतल्या चार पोरांनी इतकं मोकळं, इतकं कमी वाजवून अल्बम केला, याला हिंमत लागते. अल्बमच्याच नावाचं गाणं, 'पॅराशूट्स', तर एक मिनिटाचंही नाही.

हां, तुम्हाला 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स'वर नाचायला आवडत असेल तर हा अल्बम पहिल्यांदा संथ वाटेल, आणि 'हाय स्पीड'च्या आसपास लक्ष उडू शकतं. तरी पुढे जा. हेडफोन लावून ऐका, कूलर बंद करून. 'एव्हरीथिंग्ज नॉट लॉस्ट' संपलं असं वाटलं की लगेच बंद करू नका. थोडं थांबल्यावर 'लाइफ इज फॉर लिव्हिंग' येतं.