साठीच्या आत स्मृतिभ्रंश कितपत आढळतो?

होतो, पण क्वचित. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगभरात 30 ते 64 वयोगटात दर लाखामागे साधारण 119 जणांना, म्हणजे एकूण सुमारे 39 लाख लोकांना हा आजार आहे. साठीकडे झुकताना प्रमाण वाढतं. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या प्रकाराला ज्यांचं नाव मिळालं, त्या डॉ. अल्झायमर यांनी 1901 मध्ये तपासलेली ती पहिली प्रसिद्ध रुग्णही अवघी 51 वर्षांची होती.

कमी वयात सुरुवात नेहमी विसरण्यानेच होते असं नाही. वर्षानुवर्षं चोख हिशेब ठेवणारा माणूस साध्या बेरजेत अडखळतो, मितभाषी माणूस चारचौघांत नको ते बोलून जातो. घरच्यांना वाटतं कामाचा ताण असेल, आणि निदानाला वर्षं जातात. याचंच फार वाईट वाटतं. बी12ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांतही असंच होऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून न्यूरॉलॉजिस्टला लवकर दाखवा.