मॅक्रोफेज ही संरक्षक पेशी जंतू गिळून मारते, मग काळा आजाराचा परजीवी त्याच पेशीत लपून कसा राहतो?

'लपून' हा शब्द आधी काढून टाका. हा परजीवी, लीशमेनिया डोनोवानी, मॅक्रोफेजपासून पळत नाही, स्वतःला गिळवून घेतो. कुठल्या दाराने आत जायचं याला मात्र फार महत्त्व आहे.

वालुमाशी चावल्यावर त्वचेत उतरणाऱ्या शेपटीवाल्या प्रोमॅस्टिगोटवर (परजीवीचं माशीतून येणारं रूप) लिपोफॉस्फोग्लायकन या साखर-चरबीच्या रेणूचा, म्हणजे एलपीजीचा, जाड थर असतो. शिवाय जीपी६३ हे प्रथिनं कापणारं विकर असतं. आपल्या रक्तातलं सी३बी हे संरक्षक प्रथिन परजीवीवर चिकटतं. एरवी इथूनच जंतूच्या पटलाला भोक पाडणारी साखळी सुरू होते, पण जीपी६३ सी३बी कापून त्याचं आयसी३बी करतं. साखळी थांबते, आणि आयसी३बी मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरच्या सीआर३ ग्राहीत (पकडणाऱ्या रेणूत) नेमकं बसतं. या वाटेने शिरलेल्या परजीवीवर सुपरऑक्साइड या मारक रसायनाचा मारा कमी होतो आणि टी पेशींना (संरक्षक पांढऱ्या पेशींना) चेतवणाऱ्या आयएल-१२ या संदेशप्रथिनाची हाकही फारशी जात नाही.

आत त्याला थोडा अवधी लागतो. तो अवधी एलपीजी मिळवून देतं, फॅगोसोम (गिळलेल्या परजीवीची पिशवी) आणि लायसोसोम (पचवणारी आम्लाची पिशवी) यांचं एकत्र येणं लांबवून. माशीच्या पोटातल्या साधारण २६ अंशांवरून ३७ अंशांवर येणं आणि सामू ५.५ च्या आसपास उतरणं, हाच त्याला रूप बदलण्याचा इशारा. शेपूट आखडते, २ ते ४ मायक्रोमीटरचा गोलसर अमॅस्टिगोट तयार होतो आणि लायसोसोमच्या आम्लातच वाढू लागतो. पुष्कळ जण एलपीजी शेवटपर्यंत ढाल असतं असं लिहितात. ते चूक आहे, अमॅस्टिगोटवर एलपीजी जवळजवळ नसतंच.

मग पेशीचे कान बंद करायचे. परजीवी एसएचपी-१ हे पेशीतले संदेश विझवणारं विकर (फॉस्फटेज) जागं करतो, त्यामुळे इंटरफेरॉनचा निरोप आत नेणारा जॅक-स्टॅट१ मार्ग मंदावतो. टी पेशींकडून इंटरफेरॉन गॅमा हा 'मारा' असा निरोप येतो, पण परजीवी मारणारं नायट्रिक ऑक्साइड पुरेसं बनत नाही. आर्जिनेज हे विकर वाढलं की नायट्रिक ऑक्साइडचा कच्चा माल असलेलं आर्जिनिनही दुसरीकडे वळतं. म्हणून प्रयोगात क्रम सांभाळा: इंटरफेरॉन संसर्गाआधी दिलं तर मॅक्रोफेज परजीवी मारतो, नंतर दिलं तर परिणाम बराच कमी दिसतो. संसर्गानंतर चार तासांनी केलेली मोजणी फक्त किती शिरले ते सांगते. किती तगले हे पाहायला २४ आणि ७२ तासांनी दर शंभर मॅक्रोफेजमागे अमॅस्टिगोट मोजावे लागतात. प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने वाढवलेल्या परजीवींच्या कल्चरची संसर्गक्षमता घटते. असे प्रोमॅस्टिगोट वापरून 'मॅक्रोफेज जिंकला' असा निष्कर्ष काढू नका.

प्रतिपिंडांवरही विसंबू नका. रुग्णात ती भरपूर असतात, पण पेशीच्या आत पोचत नाहीत. उलट प्रतिपिंड चिकटलेले अमॅस्टिगोट मॅक्रोफेजच्या प्रतिपिंड पकडणाऱ्या एफसी ग्राहीतून आत जातात आणि संरक्षण मंदावणारं आयएल-१० वाढवतात. प्रतिपिंडं शोधणारी आरके३९ चाचणी बरं झाल्यावरही कित्येक महिने, कधी वर्षं, पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे बरं झाल्याची खात्री तिने होत नाही. उपचारानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्वचेवर फिकट चट्टे वा गाठी उठल्या, तर ताप नसला तरी तपासणी हवीच. तिथे परजीवी शिल्लक असू शकतात, आणि वालुमाशी ते तिथूनही उचलते.